विश्लेषण : चांगले शोधनिबंधही मोठ्या परिषदांत का नाकारले जातात?

कृत्रिम प्रज्ञेच्या क्षेत्रातील आघाडीच्या ‘न्यूरिप्स’ परिषदेकडे २०१४ मध्ये १,६७८ शोधनिबंध आले होते. २०२५ मध्ये हा आकडा २१ हजारांच्या पुढे गेला. त्यांपैकी साधारण चारातला एकच निबंध स्वीकारला गेला. ही निवड कशी होते, त्यात नशिबाचा वाटा किती आणि लेखकाच्या हाती काय उरते, याविषयी…

परिषदांना इतके महत्त्व का?

बहुतेक विज्ञानशाखांत संशोधनाची पक्की नोंद नियतकालिकात होते आणि परिषद ही चर्चेची जागा असते. संगणकशास्त्रात मात्र परिषदेतील निबंधालाच नियतकालिकाइतके, काही वेळा त्याहूनही अधिक वजन असते. विषय झपाट्याने बदलतो आणि परिषदेचा निकाल काही महिन्यांत लागतो, हे त्यामागचे मोठे कारण. न्यूरिप्स, आयसीएमएल, आयसीएलआर अशा परिषदांत निबंध असेल तर परदेशातील पीएच.डी. प्रवेश, अभ्यासवृत्ती आणि संशोधन प्रयोगशाळेतील नोकरी यांचे दरवाजे उघडणे सोपे जाते. त्यामुळे एका नकाराने तरुण संशोधकाचे वर्ष वाया जाऊ शकते.

२०१४ च्या प्रयोगात काय आढळले?

न्यूरिप्सच्या त्या वर्षीच्या आयोजक कोरिना कोर्टेस आणि नील लॉरेन्स यांनी सुमारे १० टक्के निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. अशा १६६ निबंधांपैकी ४३ निबंधांबाबत दोन्ही समित्यांचे निर्णय परस्परविरोधी निघाले. एका समितीने स्वीकारलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध दुसऱ्या समितीने नाकारले होते. निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवड केली असती, तर हे प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक झाले असते. म्हणजे ही सोडत नव्हे; पण नशिबाचा वाटा मोठा आहे. २०२१ मध्ये ८८२ निबंधांवर हाच प्रयोग पुन्हा झाला आणि निष्कर्ष जवळपास तसाच निघाला.

पुढे कोर्टेस आणि लॉरेन्स यांनी २०१४ च्या निबंधांचा मागोवा घेतला. स्वीकारलेल्या निबंधांना परीक्षकांनी दिलेले गुण आणि नंतरच्या काळात त्या निबंधांचे इतरांनी दिलेले दाखले यांत संबंध दिसला नाही. परीक्षकांना कमकुवत निबंध ओळखता येतो, उत्तमातला उत्तम निवडणे मात्र जमत नाही, असा त्याचा अर्थ.

मग लेखकाच्या हाती काय?

कमकुवत निबंध बाहेर पडणार हे ठरलेले असेल, तर आपल्या निबंधाला कमकुवत ठरवण्याचे एकही सोपे कारण परीक्षकाला न देणे, हे लेखकाचे पहिले काम. परीक्षक स्वतःचे काम सांभाळून, मुदतीच्या दडपणाखाली अनेक निबंध वाचत असतो. पहिल्या दोन पानांत नवे काय आहे हे त्याला कळले नाही, तर पुढचे गणित कितीही अचूक असले तरी त्याचे मत तिथेच बनते.

संगणकशास्त्रज्ञ सायमन पेटन जोन्स यांचा सल्ला या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. संशोधन संपण्याची वाट न पाहता आधी लिहायला बसा. लिहिताना विचारातील फटी उघड्या पडतात. एका निबंधात एकच मुख्य कल्पना ठेवा आणि आपले योगदान पहिल्याच पानावर मुद्देसूद सांगा. ते मुद्दे खोडून काढता येतील इतके नेमके असावेत. ‘आम्ही एका प्रणालीचा अभ्यास केला’ हा दावा नव्हे. ‘ही प्रणाली इतक्या वेळात, इतक्या अचूकतेने काम करते’ हा दावा.

‘अटेन्शन इज ऑल यू नीड’ हा २०१७ चा निबंध याचे उत्तम उदाहरण. आजच्या चॅटबॉट्सच्या मुळाशी असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ रचना त्यातून आली. त्याच्या आठ लेखकांपैकी निकी परमार या पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयात शिकलेल्या. जुन्या रचनेतले काय वगळले, भाषांतराच्या चाचणीत किती गुण मिळाले आणि त्यासाठी आठ जीपीयूंवर साडेतीन दिवसच लागले, हे सारे त्यांनी सारांशातच आकड्यांसह सांगितले.

परीक्षकाला पुरावा कोणता हवा?

प्रत्येक दाव्यासमोर एक प्रयोग, असा हिशोब जुळायला हवा. तुलना जुन्या, ढिल्या पद्धतीशी न करता आजच्या सर्वोत्तम पद्धतीशी हवी आणि तिलाही तितक्याच काळजीने चालवलेले असावे. प्रयोग एकदाच न करता अनेकदा करून निकालांतील चढउतार दाखवावा. नव्या पद्धतीतील एकेक भाग काढून पाहिला की सुधारणा नेमकी कशामुळे झाली, हे कळते. मर्यादा स्वतःहून सांगितल्या तर परीक्षकाचा विश्वास वाढतो. त्या त्याने शोधून काढल्या तर निबंध घसरतो.

काही निबंध तर परीक्षकापर्यंत पोहोचतच नाहीत. न्यूरिप्समध्ये मुख्य मजकुराला नऊ पानांची मर्यादा आहे, लेखकांची ओळख लपवावी लागते आणि ठरावीक प्रश्नावली भरावी लागते. यात चूक झाली की निबंध न वाचताच बाद होऊ शकतो.

परीक्षणावर उत्तर देताना काय पाहावे?

अनेक परिषदांत लेखकांना आक्षेपांवर उत्तर देण्याची संधी मिळते. तिथे वाद जिंकण्यापेक्षा शंका फेडणे महत्त्वाचे. आक्षेपाचा मुद्दा आधी मांडून त्याखाली थेट उत्तर आणि शक्य तिथे आकडा द्यावा. ‘परीक्षकाला समजले नाही’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. दोन परीक्षकांचा एकाच ठिकाणी गैरसमज झाला असेल, तर दोष बहुधा त्या परिच्छेदात असतो.

नकार आला तर?

नोबेल विजेते जेफ्री हिंटन आणि सहकाऱ्यांचा ‘डिस्टिलेशन’वरील निबंध, म्हणजे मोठ्या मॉडेलचे ज्ञान छोट्याला शिकवण्याची पद्धत, न्यूरिप्सच्या मुख्य परिषदेने नाकारला होता, तोही त्याच २०१४ साली. आज ही पद्धत सर्वत्र वापरली जाते. ‘वर्ड-टू-व्हेक’चा पहिला निबंध २०१३ मध्ये आयसीएलआरच्या मुख्य परिषदेत स्वीकारला गेला नाही. त्याच वर्षी न्यूरिप्समध्ये आलेल्या त्याच्या पुढच्या निबंधाला दहा वर्षांनी काळाच्या कसोटीवर उतरल्याबद्दल पुरस्कार मिळाला.

अर्थात, नाकारलेला प्रत्येक निबंध असा नसतो. परीक्षणे चार दिवसांनी शांतपणे वाचून, पटलेले बदल करून तो पुढच्या परिषदेला पाठवणे, हाच रुळलेला मार्ग आहे. निबंधांची संख्या मोजून उमेदवार निवडणाऱ्या संस्थांनीही एवढे ध्यानात ठेवायला हवे, की दुसरी समिती असती तर ही संख्या वेगळी असू शकली असती.