निळा ठिपका नेमकं काय सांगतो?

११ जानेवारी २०२० च्या शनिवारी संध्याकाळी बोईसरजवळ कोलवड्याच्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि ८ जणांचा जीव गेला. तारापूर एमआयडीसीच्या परिसराला असे स्फोट नवे नाहीत. पाळीवर गेलेल्या माणसाचं लोकेशन घरच्यांनी मोबाइलवरच्या फॅमिली अ‍ॅपमध्ये पुन्हा पुन्हा पाहावं, यात म्हणून काहीच नवल नाही. पण नकाशावरचा तो ठिपका कुठून येतो आणि त्यावर किती विसंबावं, हे अशाच घरांना नीट ठाऊक असायला हवं.

उपग्रहाला आपला फोन दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत दोनच गोष्टी सांगत असतात: मी कुठे आहे आणि आत्ता किती वाजले. फोन ते ऐकतो, संदेश पोचायला किती वेळ लागला ते काढतो आणि त्यावरून अंतर मोजतो. हा वेळ सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास असतो. रेडिओलहरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जातात. घड्याळ तेवढं जरी चुकलं तरी माणूस या पाड्यातून त्या पाड्यात दिसेल. उपग्रहावर अणुघड्याळ असतं, फोनमध्ये साधं. फोनच्या घड्याळाची चूकही हिशेबात धरावी लागते, म्हणून एकाच वेळी किमान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. चिंचणीच्या किनाऱ्यावर, उघड्या आभाळाखाली, चांगला फोन साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर सांगतो.

तोच फोन पत्र्याच्या शेडमध्ये गेला की गणित बिघडतं. उपग्रहाचा संदेश मुळातच अतिशय क्षीण असतो. छपराखाली तो पोचत नाही, किंवा टाक्यांवर, पाइपांवर आपटून लांबच्या वाटेने पोचतो. वाट लांबली की अंतर जास्त मोजलं जातं आणि ठिपका उड्या मारू लागतो.

मग फोन वायफायकडे वळतो. जोडलेला नसला तरी आसपासचे राउटर त्याला ओळखू येतात, आणि कुठला राउटर कुठे आहे याची प्रचंड यादी गूगल आणि अ‍ॅपलपाशी आहे. बोईसरच्या बाजारात, जिथे दुकानाला दुकान लागून आहे, ही पद्धत बऱ्यापैकी चालते. मात्र एखाद्याने दुकान हलवलं आणि राउटर पालघरला नेला, तर यादी सुधारेपर्यंत त्याच्या शेजारचा फोन बोईसरलाच दिसू शकतो. वायफायही नसेल तर उरतो मोबाइलचा टॉवर. वस्तीत त्याची चूक काही शे मीटरची, टॉवर विरळ असतील तिथे काही किलोमीटरची.

या सगळ्याचा मेळ घालून फोन एक अंदाज बांधतो. ठिपक्याभोवती फिकं वर्तुळ दिसतं ते त्या अंदाजाचं माप. अँड्रॉइडमध्ये या वर्तुळाचा अर्थ ठरलेला आहे: फोन त्याच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे जवळजवळ तीनातल्या एका वेळी तो वर्तुळाच्याही बाहेर असतो! ठिपका शेजारच्या चाळीवर दिसला म्हणून मुलीला किंवा बायकोला जाब विचारणारे लोक आहेत. हा सरळसरळ अन्याय आहे.

जागेइतकीच वेळही पाहावी लागते, आणि माझ्या मते सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. बॅटरी वाचावी म्हणून २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला तासाभरात मोजक्याच वेळा नवं लोकेशन मिळतं. काही कंपन्यांचे फोन तर असं अ‍ॅप बंदच करून टाकतात. डहाणू लोकलने येणाऱ्याचा ठिपका पालघरला दिसतोय आणि तो दहा मिनिटांपूर्वीचा आहे, तर गाडी एव्हाना उमरोळी सोडून बोईसरला लागलेली असू शकते. ‘घरी पोचला’ ही सूचनाही अशीच मागेपुढे येते. त्या सूचनेसाठी अ‍ॅपमध्ये घराभोवती आखलेली हद्द किमान १०० मीटर त्रिज्येची ठेवावी, असा गूगलचाच सल्ला आहे. शिवाय अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर २०२० पासून अचूक लोकेशन न देता ढोबळ लोकेशन देण्याची सोय आहे. ती चालू राहिली तर अँड्रॉइडचा ठिपका सुमारे ३ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात कुठेही पडतो. सेटिंगमध्ये अ‍ॅपला ‘अचूक’ आणि ‘नेहमी’ अशा दोन्ही परवानग्या आहेत का, हे ज्याचा फोन आहे त्याच्यासोबत बसून पाहून घ्या.

सातपाटी, मुरबे, दांडीच्या मच्छीमार घरांची अडचण वेगळी. भर समुद्रात जीपीएस उत्तम चालतं, कारण त्याला नेट लागत नाही. आपण कुठे आहोत हे बोटीवरच्या फोनला पक्कं ठाऊक असतं. पण ते घरी कळवायला रेंज लागते आणि किनारा मागे पडला की ती जाते. घरच्यांना दिसतो तो रेंज सुटतानाचा ठिपका. मासेमारी बोटींवर इस्रोने बनवलेले १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच जाहीरपणे सुरू झाली. ते थेट उपग्रहामार्फत संदेश पाठवतात, टॉवरची गरज नाही. फोनमधलं कुठलंही फॅमिली अ‍ॅप त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि कारखान्यांचं काय? ज्वलनशील द्रावकं हाताळली जातात तिथे ठिणगीच्या भीतीने साधा मोबाइल आत नेऊ देत नाहीत. तो गेटवर जमा होतो. ठिपका आठ तास गेटवर स्थिर असतो, मग माणूस कुठल्याही विभागात असो. दुर्घटनेच्या वेळी तो ठिपका घरच्यांना खोटा धीर देईल किंवा विनाकारण जीव घाबरा करील. आपला माणूस कंत्राटी असेल तर कारखान्याच्या कागदांवर ठेकेदाराचंच नाव पुढे असतं, हेही लक्षात असू द्या. म्हणून अ‍ॅप जरूर वापरा, पण कारखान्याच्या गेटचा, ठेकेदाराचा आणि त्याच पाळीतल्या एका सोबत्याचा नंबर आजच कागदावर लिहून घरात सगळ्यांना दिसेल असा लावा.