राष्ट्रीय प्रतीके आणि धार्मिक सदसद्विवेक

मागील घटकात आपण संविधानाच्या कलम २५ मधील धर्मस्वातंत्र्याच्या हक्काचा परिचय करून घेतला. हा हक्क उपासनास्थळे, सणउत्सव, मिरवणुका यांच्याशी निगडित आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा नाही. तथापि या हक्काची अवघड परीक्षा पुष्कळदा शाळेच्या प्रांगणात, सकाळच्या परिपाठाच्या वेळी होते. राष्ट्रगीत, राष्ट्रध्वज, राष्ट्रवंदना या सर्वांच्या सामाईक गोष्टी आहेत, असे आपण गृहीत धरतो. एखादा नागरिक मात्र म्हणतो की, ‘माझ्या धर्माच्या आज्ञेनुसार मला हे करता येत नाही.’ अशा वेळी लोकशाही राज्याने काय करावे? प्रस्तुत घटकात आपण या प्रश्नाचा विचार मुख्यतः एका खटल्याच्या आधारे करणार आहोत. तत्त्वे पाठ करण्यापेक्षा एक प्रकरण नीट समजून घेणे येथे अधिक उपयुक्त ठरेल.

केरळमधील तीन विद्यार्थी

केरळमधील कोट्टयम जिल्ह्यातील किडंगूर येथील एका शाळेत तीन भावंडे शिकत होती. एक दहावीत, दुसरे नववीत आणि तिसरे पाचवीत. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची होती. या पंथाचे अनुयायी संख्येने अत्यल्प आहेत. देवाखेरीज अन्य कोणाचीही वा कशाचीही उपासना करू नये, ही बायबलमधील आज्ञा ते अतिशय काटेकोरपणे पाळतात. ध्वजाला वंदन करणे किंवा राष्ट्राचे स्तोत्र गाणे हे त्यांच्या दृष्टीने उपासनेचेच रूप होय. ही भूमिका केवळ भारताच्या राष्ट्रगीतापुरती नाही. हिटलरच्या जर्मनीतही या पंथाच्या लोकांनी नाझी पद्धतीची सलामी देण्यास नकार दिला होता आणि त्यासाठी तुरुंगवास व छळछावण्या सोसल्या होत्या.

ही तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी काय करीत होती, हे येथे बारकाईने लक्षात घ्यावयास हवे. ती परिपाठाला हजर राहत. राष्ट्रगीत सुरू झाले की इतरांबरोबर उभी राहत. फक्त गात नसत. त्यांच्या मोठ्या बहिणी याच शाळेत शिकत असतानाही असेच चालत आले होते आणि त्यावर कोणी आक्षेप घेतला नव्हता. जुलै १९८५ मध्ये विधानसभेच्या एका सदस्याने हा प्रकार पाहिला आणि विधानसभेत प्रश्न उपस्थित केला. चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. मुले कायद्याचे पालन करणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा त्या आयोगाचा अहवाल होता. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून २६ जुलै १९८५ रोजी मुख्याध्यापिकांनी तिघांना शाळेतून काढून टाकले. चौकशीचा निष्कर्ष अनुकूल असूनही कारवाई झाली, ही बाब विचार करण्याजोगी आहे. एखादा प्रश्न राजकीय चर्चेचा विषय झाला की वस्तुस्थितीपेक्षा वातावरणाचा दाब अधिक असतो, एवढेच तिच्यावरून म्हणता येईल.

मुलांच्या वतीने केरळ उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. ती फेटाळली गेली. उच्च न्यायालयाचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. राष्ट्रगीतातील प्रत्येक शब्द तपासला, तरी कोणाच्याही धर्मभावनेला धक्का लागेल असा एकही शब्द वा विचार त्यात आढळत नाही. मग हरकत कशाची? आपल्यापैकी अनेकांचे प्रथम मत असेच असेल.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी या युक्तिवादातील त्रुटी दाखवून दिली. ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या नावाने ओळखला जाणारा हा निर्णय न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाचा आहे. गीताचा अर्थ आक्षेपार्ह आहे की नाही, हा प्रश्नच येथे नाही, असे न्यायालयाने म्हटले. एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते की नाही, हेही न्यायालयाने पाहावयाचे नसते. पाहावयाचे असते ते एवढेच की, ती श्रद्धा प्रामाणिकपणे बाळगलेली आहे काय आणि त्या पंथाच्या आचरणाचा ती खरोखर भाग आहे काय. या मुलांच्या बाबतीत दोन्हींची उत्तरे होकारार्थी होती. जगाच्या अनेक देशांत या पंथाच्या लोकांनी याच भूमिकेसाठी शिक्षा भोगल्या होत्या, हा त्यांच्या प्रामाणिकपणाचा पुरेसा पुरावा होता.

दुसरा मुद्दा कायद्याच्या आधाराचा. राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ हेतुपुरस्सर राष्ट्रगीत गाण्यास प्रतिबंध करणाऱ्याला किंवा ते गाणाऱ्या समूहात व्यत्यय आणणाऱ्याला शिक्षा सांगतो. ‘न गाणे’ हा त्यात अपराध नाही. कलम ५१क नुसार राष्ट्रध्वजाचा व राष्ट्रगीताचा आदर करणे हे मूलभूत कर्तव्य आहे; परंतु जो शांतपणे उभा राहतो तो आदर दाखवतोच, असे न्यायालयाने मानले. उरली ती शिक्षण खात्याची परिपत्रके. त्यांना कायद्याचे अधिष्ठान नव्हते, आणि मूलभूत हक्कावर मर्यादा घालावयाची तर ती कायद्यानेच घालता येते, खात्याच्या परिपत्रकाने नव्हे. शिवाय कलम १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मौन बाळगण्याचे स्वातंत्र्यही अंतर्भूत आहे. मुलांना शाळेत परत घेण्याचा आदेश न्यायालयाने दिला.

या निर्णयाचा आवाका समजून घेताना एक भेद सतत मनात ठेवावा. एखादी कृती न करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या कृतीत अडथळा आणणे वेगळे. पहिल्यास संरक्षण मिळाले, दुसऱ्यास नाही. त्या मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी गोंगाट केला असता, तर त्यांचा धर्म त्यांच्या मदतीस आला नसता.

अमेरिकेतील दोन निर्णय

हाच प्रश्न, याच पंथाच्या मुलांच्या निमित्ताने, अमेरिकेत अर्धशतक आधी उभा राहिला होता. पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल येथील दोन मुलांनी ध्वजाला वंदन करण्यास नकार दिला म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९४० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने शाळेच्या बाजूने निर्णय दिला. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना धर्मस्वातंत्र्याचे वावडे होते, असे समजण्याचे कारण नाही. ते व्हिएन्नात जन्मलेले ज्यू होते, लहानपणी स्थलांतर करून आलेले होते. भिन्न वंशांच्या व धर्मांच्या लोकांना एकत्र बांधणारी भावना प्रतीकांतून रुजते, आणि ती कशी रुजवावी हे ठरविण्याचा अधिकार लोकनियुक्त संस्थांचा आहे, न्यायाधीशांचा नव्हे, अशी त्यांची मनःपूर्वक धारणा होती. या बाजूचे इतके समर्थ प्रतिपादन क्वचितच झाले असेल. म्हणून तिचे खंडन करण्यापूर्वी ती समजून घ्यावी.

पण निर्णयानंतर जे घडले ते न्यायालयाला अपेक्षित नव्हते. देशात ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर जमावांनी हल्ले केले. न्यायालयानेच त्यांना देशद्रोही ठरविले आहे, असा लोकांनी अर्थ घेतला. आणखी एक विसंगती होती. त्या काळी ध्वजवंदनात उजवा हात ध्वजाच्या दिशेने पुढे ताणला जाई. ती मुद्रा नाझी सलामीसारखी दिसत असल्याने १९४२ च्या अखेरीस अमेरिकेने तिच्याऐवजी छातीवर हात ठेवण्याची पद्धत स्वीकारली. अवघ्या तीन वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, वेस्ट व्हर्जिनियातील प्रकरणात न्यायालयाने आपला आधीचा निर्णय सहा विरुद्ध तीन मतांनी फिरविला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलेल्या या निर्णयाचे वैशिष्ट्य असे की, तो धार्मिक सवलतीवर आधारलेला नाही. कोणत्याही नागरिकाकडून राज्य श्रद्धेचा वा मताचा उच्चार सक्तीने करवून घेऊ शकत नाही, ही त्याची भूमिका आहे. फ्रँकफर्टर या वेळी अल्पमतात होते. आपण स्वतः इतिहासातील सर्वाधिक छळल्या गेलेल्या अल्पसंख्याक समाजाचे आहोत, असे सांगूनही त्यांनी आपले मत कायम ठेवले.

आपल्या दृष्टीने जॅक्सन यांची वाट महत्त्वाची आहे. नकाराला संरक्षण केवळ धर्माच्या नावाने द्यावयाचे, तर निरीश्वरवादी विद्यार्थ्याचे काय? त्याचा सदसद्विवेक धार्मिक नाही म्हणून तो कमी प्रतीचा ठरेल. भारतीय निर्णयात कलम १९ आणि कलम २५ या दोन्हींचा आधार घेतल्यामुळे ही अडचण बरीचशी सुटते, पण तिची स्पष्ट चर्चा तेथे झालेली नाही.

आपली प्रतीके कशी घडली

राष्ट्रीय प्रतीके आकाशातून पडत नाहीत. ती वाटाघाटींतून घडतात, याचा आपल्याला विसर पडतो. ध्वजाचेच उदाहरण घ्या. काँग्रेसच्या ध्वजातील रंगांचा संबंध सुरुवातीला धार्मिक समाजांशी जोडला जात असे. त्यातून कोणाचा रंग आहे, कोणाचा नाही, असा वाद निर्माण झाला. आपल्याला स्थान मिळावे, अशी शिखांची मागणी होती. १९३१ मध्ये काँग्रेसने रंगांना जातीय अर्थ नाही, असे जाहीर केले आणि केशरी, पांढरा व हिरवा या रंगांना गुणवाचक अर्थ दिले. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी चरख्याच्या जागी अशोकचक्र असलेला ध्वज स्वीकारला. आक्षेप ऐकून घेऊन प्रतीकाचा अर्थ बदलल्याने ध्वज दुबळा झाला, असे कोणी म्हणणार नाही.

‘वंदे मातरम्’चा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ (१८८२) या कादंबरीतून ते गीत आले. स्वातंत्र्यचळवळीत ते घोषणेसारखे दुमदुमले. अनेकांनी ते ओठांवर घेऊन लाठ्या झेलल्या. पण त्याच्या पुढील कडव्यांत मातृभूमीला देवीरूपात वंदन आहे आणि एकेश्वरवादी मुसलमानांना ते अडचणीचे वाटे. ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्ता येथे काँग्रेस कार्यकारिणीने, रवींद्रनाथ ठाकूरांचा सल्ला विचारात घेऊन, सभांमध्ये पहिली दोनच कडवी गावीत असे ठरविले. त्यांत निसर्गाचे वर्णन प्रमुख आहे. हा निर्णय दोन्ही बाजूंच्या आग्रही लोकांना रुचला नाही, आणि आजही रुचत नाही. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी संविधान सभेत ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असल्याचे आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान असल्याचे निवेदन केले.

येथे प्रस्तुत लेखकाला एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. किडंगूरच्या मुलांचा पंथ इतका लहान होता की त्यांच्या मौनाची कोणाला भीती वाटण्याचे कारण नव्हते. आक्षेप मोठ्या समाजाकडून येतो, तेव्हा तेच मौन निष्ठेच्या परीक्षेचा विषय होते. मार्च २०१६ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत एका मुस्लिम आमदाराने ‘भारत माता की जय’ म्हणण्यास नकार दिला. आपण ‘जय हिंद’ म्हणू, असे त्यांचे म्हणणे होते. सत्ताधारी आणि विरोधी पक्ष या दोहोंच्या संमतीने त्यांना निलंबित करण्यात आले. विधिमंडळाला स्वतःच्या सभागृहातील शिस्तीबाबत विशेषाधिकार असतात, हे खरे. तरीही राष्ट्रगीत न गाणाऱ्यास जे संरक्षण १९८६ मध्ये मिळाले, ते एका घोषणेच्या बाबतीत, जिला ‘जन गण मन’सारखा घोषित दर्जाही नाही, कमी का असावे, याचा आपण विचार करावा. निष्ठा व्यक्त करण्याचा दुसरा शब्द त्यांनी स्वतःच पुढे केला होता.

न्यायालयांचीही वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने देशभरातील चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजविणे आणि प्रेक्षकांनी त्यासाठी उभे राहणे बंधनकारक केले. महाराष्ट्रातील प्रेक्षकांना ही प्रथा आधीपासूनच परिचित होती. आदेशानंतर काही ठिकाणी उभे न राहणाऱ्यांना इतर प्रेक्षकांनी मारहाण केली.  ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने आदेशात बदल करून राष्ट्रगीत वाजविणे चित्रपटगृहांच्या इच्छेवर सोपविले. मात्र ते वाजविले गेल्यास प्रेक्षकांनी आदर दाखवावा आणि अपंगांना सवलत असावी, हे कायम ठेवले. गाण्याची सक्ती मात्र २०१६ च्या आदेशातही नव्हती. म्हणजे उभे राहणे हीच आदराची किमान पातळी, हा १९८६ चा मापदंड टिकून आहे. त्या मुलांनी उभे राहण्यासही नकार दिला असता, तर न्यायालयाने काय म्हटले असते, याचे उत्तर त्या निकालपत्रात मिळत नाही.