दुकानाची पाटी आता वेबवर. चावी आपल्याच हाती असावी

कर्जत-खालापूरच्या व्यापारी बंधूंना आम्ही सुचवू इच्छितो की, दुकानाचे वेबपान करून घेताना पुढील गोष्टी स्वतः तपासाव्यात.

एचटीएमएलच्या खुणा म्हणजे थानावरच्या चिठ्ठ्याच: मथळ्याला ‘एच१’, परिच्छेदाला ‘पी’. पानाच्या आरंभी ‘यूटीएफ-८’ नोंदवावे, अन्यथा मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटू शकतात. उर्दू मजकुराला ‘आरटीएल’ दिशा द्यावी.

सर्व्हरवर फायलींना ६४४ परवानगी पुरे: मालकाने लिहावे, इतरांनी वाचावे. ७७७ म्हणजे गल्ला उघडा! पुरात दुकानातला संगणक भिजला तरी दुसरीकडे ठेवलेली प्रत तारते.

मुख्य म्हणजे, डोमेन स्वतःच्या नावे घ्यावे व मुदतीपूर्वी नूतनीकरण करावे. ते कारागिराच्या नावे असेल, तर त्याच्यासोबत पाटीही जाते.