आकडा वर जातो, परत येतो का?

विकसनशील देशांतील सार्वजनिक आरोग्यसेवेची चर्चा निघाली की डॉक्टर, औषधे, खाटा आणि निधी यांचा तुटवडा अग्रभागी येतो. परंतु हा तुटवडा नेमका कोठे आणि किती आहे हे सांगणाऱ्या माहितीचाही तितकाच तुटवडा असतो, आणि त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. एखाद्या तालुक्यात गेल्या महिन्यात किती बाळंतपणे झाली, किती बालकांना गोवराची लस मिळाली, किती क्षयरुग्णांनी उपचार अर्धवट सोडले, या साध्या प्रश्नांची उत्तरे हजारो आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्यांत विखुरलेली असतात. ती गोळा करणे, पडताळून पाहणे आणि निर्णय घेणाऱ्याच्या हाती वेळेवर पोहोचवणे, या संपूर्ण व्यवस्थेला आरोग्य माहिती प्रणाली म्हणतात. संगणक आणि इंटरनेट हे तिचे एक अंग आहे, आणि अनेक देशांचा अनुभव पाहता ते बहुधा सर्वांत सोपे अंग आहे.

हे समजून घेण्यासाठी दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण पाहावे लागते. वर्णभेदी राजवटीत तेथे वंशांनुसार आणि तथाकथित स्वायत्त ‘होमलँड’ प्रदेशांनुसार तब्बल १४ वेगवेगळे आरोग्य विभाग होते आणि प्रत्येकाचे तक्ते, व्याख्या आणि हिशेब निराळे होते. १९९४ मध्ये लोकशाही सरकार आले, जिल्हा हा आरोग्यसेवेचा पायाभूत घटक ठरवण्यात आला, आणि ज्यांची आकडेवारी एकमेकांशी जुळतच नव्हती अशा भागांत समन्याय कसा आणायचा, हा प्रश्न व्यवहारात उभा राहिला. कोणत्या वस्तीत किती परिचारिका कमी आहेत हेच ठाऊक नसेल, तर निधीचे वाटप न्याय्य झाले की नाही हे ठरवणार कसे? याच सुमारास केप टाउन परिसरातील तीन जिल्ह्यांत स्थानिक विद्यापीठांतील आरोग्यतज्ज्ञ आणि नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाचे संशोधक यांनी एक प्रकल्प हाती घेतला. त्यातून ‘डिस्ट्रिक्ट हेल्थ इन्फर्मेशन सॉफ्टवेअर’ म्हणजेच डीएचआयएस ही संगणक प्रणाली जन्माला आली आणि काही वर्षांतच ती देशभर वापरात आली.

ऑस्लोच्या संशोधकांमागे एक वैचारिक परंपरा होती. सिम्युला या संगणकभाषेचे एक जनक क्रिस्टन न्यूगोर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करताना असा आग्रह धरला होता की, यंत्रणा जो वापरणार आहे त्याचा तिच्या रचनेत वाटा असला पाहिजे. केप टाउनमध्ये या तत्त्वाचा अर्थ असा झाला की, कोणती माहिती गोळा करायची हे राजधानीतील अधिकाऱ्याने एकट्याने ठरवायचे नाही, दवाखान्यातील परिचारिकेलाही त्यात बोलण्याचा अधिकार आहे. या भूमिकेतून दोन व्यावहारिक निर्णय निघाले आणि संगणकाच्या आज्ञावलीपेक्षाही त्यांचे महत्त्व अधिक मानावे लागेल. पहिला निर्णय किमान माहितीसंचाचा : ज्या आकड्याच्या आधारे कोणी काही कृती करणार नाही तो आकडा मागायचाच नाही. दुसरा निर्णय मानकांच्या उतरंडीचा, म्हणजे राष्ट्रीय पातळीने मोजक्या बाबी सर्वांसाठी सक्तीच्या करायच्या, प्रांताने त्यात आपल्या गरजेची भर घालायची, जिल्ह्याने आणि दवाखान्याने आपली. वरच्या पातळीची मागणी पूर्ण होत असेल तर खालच्या पातळीला आपले प्रश्न स्वतः निवडण्याची मुभा राहते. एकसारखेपणा आणि स्थानिक स्वातंत्र्य यांतील तंटा इतक्या साध्या युक्तीने बऱ्याच अंशी मिटला.

पहिली आवृत्ती एकेका संगणकावर चालणारी होती. पुढे इंटरनेटवर चालणारी आणि मुक्त स्रोत स्वरूपाची, म्हणजे जिची आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरता आणि बदलता येते अशी, दुसरी आवृत्ती तयार झाली. डीएचआयएस-२ या नावाने ती २००६ मध्ये प्रथम वापरली गेली ती मुक्त सॉफ्टवेअरला अनुकूल असलेल्या केरळ राज्यात, ही गोष्ट भारतातही फारशी कोणाला ठाऊक नाही. आज ७० हून अधिक देश ही प्रणाली वापरतात. केनियाने २०११ पर्यंत ती देशभर एकाच मध्यवर्ती सर्व्हरवरून चालवून दाखवली. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र सर्व्हर बसवायचा, त्याला विजेचा आणि विषाणूंचा फटका बसला की दुरुस्तीला माणूस पाठवायचा, ही जुनी पद्धत त्यामुळे टळली. त्याआधी २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याला समुद्राखालील केबल येऊन पोहोचल्या होत्या आणि जिल्ह्यातील नोंदणी अधिकारी मोबाइल मोडेम लावून थेट मध्यवर्ती प्रणालीत आकडे भरू शकत होता, हे या यशाचे एक मोठे कारण होते.

मात्र आकडा वेगाने पोहोचला म्हणून तो खरा ठरत नाही. लसीकरणाचे प्रमाण काढताना लस मिळालेल्या बालकांची संख्या हा अंश असतो आणि त्या भागातील एकूण पात्र बालकांची संख्या हा छेद. अंश नोंदवहीतून मिळतो. छेद बहुधा जुन्या जनगणनेवरून केलेला अंदाज असतो. अंदाजाने ४०० बालके असलेल्या भागात स्थलांतरितांची भर पडून ४४० बालकांना लस टोचली गेली, तर पडद्यावर ११० टक्के लसीकरण झाल्याचे दिसते, आणि शेजारच्या ओस पडत चाललेल्या गावातील परिचारिका उत्तम काम करूनही अपयशी ठरते. अशा विसंगती संगणकामुळे निर्माण होत नाहीत. कागदावर त्या वर्षानुवर्षे दडून राहू शकत होत्या, पडद्यावर त्या पहिल्याच महिन्यात नजरेस येतात. म्हणूनच नित्याच्या नोंदींना स्वतंत्र सर्वेक्षणाची जोड लागते. भारतात हे काम १९९२-९३ पासून होत असलेले आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे सोपवलेले राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते.

छेदाच्या चुकीहून अवघड प्रश्न आहे तो न नोंदवलेल्या घटनांचा. महाराष्ट्रात डॉ. अभय बंग आणि सहकारी स्वयंसेवी संस्थांनी गावोगावी जन्म-मृत्यू मोजून तयार केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने दाखवून दिले की, प्रत्यक्षात होणाऱ्या बालमृत्यूंचा फार मोठा भाग सरकारी दप्तरात येतच नव्हता. याचे कारण केवळ आळस नव्हे. ज्या व्यवस्थेत मृत्यू नोंदवला की खुलासा मागितला जातो आणि न नोंदवला तर कोणी विचारत नाही, त्या व्यवस्थेत मृत्यू कमी दिसणे अगदी स्वाभाविक आहे. त्याच व्यवस्थेच्या हाती टॅब्लेट दिला तर तीच अपुरी नोंद अधिक सुबक आलेखात दिसेल, एवढाच फरक.

भारतात २००८ मध्ये आरोग्य व्यवस्थापनाचे राष्ट्रीय संकेतस्थळ आणि २००९ च्या अखेरीस माता व बालकांचा नावनिशीवार मागोवा घेणारी प्रणाली सुरू झाली; क्षयरोग, पोषण, साथरोग यांच्या निराळ्या प्रणाली पुढे आल्या. प्रत्येक योजनेचे स्वतःचे अॅप असावे ही दिल्लीतील इच्छा समजण्याजोगी आहे, पण या सर्व प्रवाहांचा उगम बहुतेक वेळा एकच असतो : उपकेंद्रातील एएनएम आणि गावातील आशा. तीच गर्भवती स्त्री रजिस्टरमध्ये, मासिक अहवालात आणि एकाहून अधिक अॅपमध्ये नोंदवावी लागते, आणि कागद बंद करण्याचे धाडस कोणी करत नसल्याने डिजिटल नोंद ही जुन्या कामाची जागा घेण्याऐवजी त्यात भर घालते. नोंद करणाऱ्या व्यक्तीला तिच्या नोंदीतून परत काय मिळते, ही कोणत्याही माहिती प्रणालीची खरी कसोटी मानली पाहिजे. लसींच्या साठ्यासाठी भारतात उभारलेली ई-विन ही प्रणाली या कसोटीला बऱ्यापैकी उतरते. शीतपेटीतील तापमान २ ते ८ अंश सेल्सियसच्या बाहेर गेले की संवेदक तेथील कर्मचाऱ्याच्याच फोनवर संदेश पाठवतो, आणि त्याने भरलेल्या साठ्याच्या आकड्यावरून लस संपण्यापूर्वी पुरवठ्याची व्यवस्था करता येते.

आतापर्यंतचे विवेचन बहुतांशी एकत्रित आकड्यांचे झाले. एकेका व्यक्तीचा मागोवा ही वेगळी बाब आहे. श्रीलंकेने जानेवारी २०२० मध्ये, देशात कोविडचा पहिला रुग्ण आढळण्यापूर्वीच, बाधित प्रदेशांतून येणाऱ्या प्रवाशांचा पाठपुरावा करण्याची सोय डीएचआयएस-२ मध्ये तयार करायला घेतली आणि नंतर अनेक देशांनी ती आपापल्या गरजेनुसार वापरली. हे काही दिवसांत साधले, कारण कोलंबो विद्यापीठाच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत वैद्यक आणि माहितीशास्त्र या दोहोंचे शिक्षण घेतलेले डॉक्टर आधीच आरोग्य मंत्रालयात काम करत होते; बाहेरच्या सल्लागाराला बोलावून करार होईपर्यंत साथ थांबली नसती. व्यक्तीची नोंद ठेवताना गोपनीयतेचा प्रश्नही अपरिहार्यपणे येतो. एचआयव्ही किंवा गर्भपात यांसंबंधीची नोंद लहान गावात फुटली तर ती व्यक्ती दवाखान्याची पायरीच चढेनाशी होते. केनियाने २०१९ मध्ये आणि भारताने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे कायदे केले, तरी उपकेंद्रातील एकच पासवर्ड सर्वांनी वापरण्याची सवय कायद्याने सुटणारी नाही.

उरतो पैशाचा प्रश्न. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा अनेक गरीब देशांत १९८४ पासून लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे घडवून आणणारा कार्यक्रम थांबला आणि अमेरिकेच्याच एचआयव्हीविरोधी मदतकार्याची डीएचआयएस-२ वरच उभारलेली माहिती प्रणालीही बंद पडली. दात्याने स्वतःच्या हिशेबासाठी चालवलेली प्रणाली आणि देशाच्या आरोग्य मंत्रालयाची प्रणाली यांत तंत्रज्ञान एकच असले तरी मालकीचा फरक असतो, तो अशा वेळी उघड होतो. मुक्त स्रोतामुळे परवान्याचे शुल्क वाचते. सर्व्हरचे भाडे, प्रशिक्षण आणि आज्ञावली जाणणाऱ्या चार-सहा माणसांचे पगार मात्र दरवर्षी द्यावेच लागतात, आणि हा खर्च देशाच्या नियमित अंदाजपत्रकात आहे की एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानात, यावर ती प्रणाली अनुदान संपल्यानंतरच्या वर्षी चालू राहील की नाही हे ठरते.