सगळं आधीच लिहून झालंय? मग हे वाचा!

लिहायला बसलं की पहिल्या ओळीच्याही आधी मनात येतं, 'हे कुणीतरी आधीच लिहिलं असेल.' नव्यानं लिहिणाऱ्या कितीतरी जणांच्या वह्या याच एका वाक्यापायी कोऱ्या राहतात. तुमचीही राहिली असेल, तर एक आनंदाची बातमी आहे: ही धास्ती निदान साडेतीन हजार वर्षं जुनी आहे!

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन इजिप्तमधली एक लाकडी पाटी आहे. वर गिलाव्याचा थर आणि त्यावर शाईनं लिहिलेला मजकूर. लिहिणाऱ्याचं नाव खाखेपेर्रेसेनेब. त्याचं गाऱ्हाणं असं, की वाडवडिलांनी वापरून शिळे केलेले शब्द मला नकोत, कुणाच्याच तोंडून न निघालेले हवेत. तेव्हा छापखाना नव्हता, कादंबरी नव्हती, दिवाळी अंक तर नव्हतेच. तरी गड्याला वाटत होतं, की आपल्याला उशीर झाला. आणि आज तो वाचला जातो तो या गाऱ्हाण्यामुळेच.

रोमन नाटककार टेरेन्सवर उचलेगिरीचा आरोप झाला, तेव्हा त्यानं इ.स.पू. १६१मधल्या 'युनुकस' नाटकाच्या नांदीतच उत्तर देऊन टाकलं: धावपळ करणारा गुलाम, बढाईखोर शिपाई, खादाड खुशमस्कऱ्या ही पात्रं सगळेच वापरतात, मग मीच का नको? फ्रान्सचा ला ब्रुयेर १६८८मध्ये म्हणाला, सगळं सांगून झालंय, आपण फार उशिरा आलो. हे तो म्हणाला कुठे? स्वतःच्या नव्या पुस्तकाच्या सुरुवातीला! तेही थिओफ्रास्टस या ग्रीक लेखकाच्या भाषांतराला जोडून छापलेल्या पुस्तकात. त्याच्या हयातीतच त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

घरातच रंगलेला वाद

या विषयावरची माझी सगळ्यांत आवडती जोडी म्हणजे राजशेखर आणि अवंतिसुंदरी. काळ इसवी सन ९००च्या आसपासचा, ठिकाण कनौजचा प्रतिहार दरबार. राजशेखर दरबारातला मोठा कवी. त्याचा पणजोबा अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरवलेला, म्हणजे नातं आपल्याकडचं. अवंतिसुंदरी ही त्याची बायको, स्वतः विदुषी. तिच्या इच्छेवरून त्याचं 'कर्पूरमंजरी' हे प्राकृत नाटक रंगमंचावर आलं.

राजशेखरानं 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ लिहिला तो होतकरू कवींसाठी. कवीची दिनचर्या कशी असावी इथपासून सगळं त्यात आहे. आणि तीन अध्याय चक्क 'हरण' या विषयाला वाहिलेले, म्हणजे दुसऱ्याचं काय घ्यावं, कसं घ्यावं, काय घेऊ नये! हजार वर्षांपूर्वीच्या गुरूनं विद्यार्थ्याच्या या भीतीला तीन अध्याय दिले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तो आधी जुनं कडक मत देतो: इतर चोऱ्या काळाच्या ओघात विसरल्या जातात, शब्दांची चोरी मात्र मुलानातवंडांच्या पिढीपर्यंत पुसली जात नाही. लगेच त्याच पानावर बायकोचं मत येतं. उसनवारी करणारे कवी मनाची कशी समजूत घालतात, त्याची ती यादीच देते: तो कुणाला माहीत नाही, मी नावाजलेला आहे, त्याची भाषा वेगळी, माझी वेगळी, त्याची रचना मागे पडली, माझी चालते आहे. राजशेखराचा स्वतःचा निष्कर्ष असा, की थोडीफार चोरी न केलेला कवी सापडायचा नाही. फरक पडतो तो घेतलेल्याचं काय केलं यानं.

तो अर्थाच्या उसनवारीचे चार प्रकार पाडतो. मी ते आजच्या कच्च्या मसुद्याला लावून पाहते आणि दरवेळी उपयोग होतो. पहिला 'प्रतिबिंबकल्प': अर्थ जसाच्या तसा, फक्त शब्द बदललेले. हा सरळ टाकून द्यावा. दुसरा 'आलेख्यप्रख्य', चित्रासारखा: मूळ तेच, थोडं रंगकाम करून वेगळं भासवलेलं. तिसरा 'तुल्यदेहितुल्य': विषय वेगळा, पण साम्य इतकं की दोन माणसं एकमेकांसारखी दिसावीत. चौथा 'परपुरप्रवेश', दुसऱ्याच्या नगरात शिरण्यासारखा: मूळ एक, पण सगळी मांडणी निराळी.

याच्याही आधी, नवव्या शतकात, काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त साम्याचे पहिले तीन प्रकार सांगितले होते. त्यातल्या तिसऱ्याबद्दल त्याचं म्हणणं निर्धास्त करणारं आहे: एक माणूस दुसऱ्यासारखा दिसला म्हणून तो दुसरा होत नाही, त्याचा जीव त्याचाच असतो. तुमची गोष्ट दुसऱ्या कुणाच्या गोष्टीसारखी दिसली म्हणून घाबरलात, तर आधी एवढं तपासा, की तिच्यात जीव तुमचा आहे का.

अंगठी कुठून आली?

शकुंतलेची अंगठी आठवते? महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत ती नाहीच! दुर्वासाचा शापही नाही. तिथला दुष्यंत तिला ओळखतो आणि भर दरबारात नाकारतो. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो. अंगठी आणि शाप घातले कालिदासानं. तयार कथेत घातलेल्या या दोन गोष्टींवर त्याचं जगप्रसिद्ध नाटक उभं राहिलं. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी तेच नाटक मराठी पदांसह रंगभूमीवर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. ओळखीच्या कथेनं असं नवं पर्व उघडलं.

शेक्सपियरचा 'किंग लिअर' तरी कुठे कोरा होता? त्याच्या आधी लंडनमध्ये 'किंग लीर' नावाचं कुणा अनामिकाचं नाटक होतं. त्यात राजाला राज्य परत मिळतं आणि सगळं गोड होतं. शेक्सपियरनं शेवट फिरवला. 'लिअर'ची सावली अंगावर घेऊन १९७०मध्ये शिरवाडकरांचा 'नटसम्राट' आला, तेव्हा राजाच्या जागी निवृत्त नट होता आणि राज्याच्या जागी आयुष्यभराची कमाई. मराठी माणसाला अप्पा बेलवलकरांच्या हालांवर रडताना लिअर आठवावा लागत नाही.

आणि हे ऐका. १५९२मध्ये रॉबर्ट ग्रीन या लेखकाच्या नावानं निघालेल्या एका पुस्तिकेत, आमची पिसं लावून मिरवणारा कावळा म्हणून शेक्सपियरची संभावना झाली. ग्रीन त्याच वर्षी वारला. पुढे शेक्सपियरनं 'द विंटर्स टेल' लिहिलं, आणि त्याचं कथानक घेतलं ग्रीनच्याच 'पँडोस्टो' या गोष्टीवरून!

देवलांची सात नाटकं

गोविंद बल्लाळ देवलांची नाटकं सात. त्यातलं पूर्ण स्वतंत्र किती? एक. १८९९चं 'शारदा'. बाकी सहांच्या मुळाशी कुठे शूद्रक, कुठे कालिदास, कुठे बाणभट्ट, तर कुठे इंग्रजी नाटककार. 'झुंजारराव' हा शेक्सपियरचा 'ऑथेल्लो'.

'संशयकल्लोळ'चा प्रवास तर जरा निवांत बघण्यासारखा आहे. १६६०मध्ये पॅरिसला मोलिएरनं 'स्गानारेल' हे छोटं प्रहसन केलं. १७६१मध्ये आर्थर मर्फीनं लंडनच्या रंगभूमीसाठी त्यावरून इंग्रजी नाटक बेतलं. त्यावरून देवलांनी आधी गद्य नाटक लिहिलं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. त्याचंच संगीत रूप १९१६मध्ये 'संशयकल्लोळ' म्हणून रंगमंचावर आलं. मुळातली कळ तीच: एक तसबीर भलत्या हातात पडते आणि नवरा-बायको एकमेकांवर संशय घेऊ लागतात. पण देवलांनी माणसांना नावं काय दिली बघा. पुरुष म्हणजे महिने: फाल्गुनराव, आश्विनशेट, भादव्या. बायका म्हणजे नक्षत्रं: कृत्तिका, रेवती, रोहिणी. सगळं पंचांगच घरात नांदायला आलेलं! आजही प्रयोग लागला की लोक हसतात, ते फाल्गुनराव आणि कृत्तिकेला. माझं तर मत असं, की दुसऱ्यांची कथानकं हाताळता हाताळता देवलांचा हात तयार झाला, आणि 'शारदा' त्या हातानं लिहिली. रूपांतर करणं कमीपणाचं वाटत असेल, तर देवलांकडे पाहा.

पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'ची वंशावळही पाठ करावी अशी: जॉन गेचं 'बेगर्स ऑपेरा' १७२८, त्यावरून ब्रेख्टचं नाटक १९२८, त्यावरून पुलंचा तमाशा १९७८.

अकरा वर्षांची मुलगी आणि एक गोष्ट

इथे मात्र थोडं थांबायला हवं, कारण ही भीती एखाद्याला किती आतवर जखम करते, हे हेलन केलरच्या बाबतीत दिसतं.

१८९१चा शरद ऋतू. न पाहू शकणाऱ्या, न ऐकू शकणाऱ्या अकरा वर्षांच्या हेलननं एक गोष्ट लिहिली, 'द फ्रॉस्ट किंग'. बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना ती वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी कौतुकानं छापली. आणि मग लक्षात आलं, की मार्गारेट कॅन्बी यांच्या एका जुन्या परीकथेशी ती जवळजवळ जुळते. काही वर्षांपूर्वी कुणीतरी ती गोष्ट हेलनच्या तळहातावर अक्षर अक्षर करून वाचून दाखवली होती. ती मनात राहिली. कुठून आली ते मात्र पुसून गेलं. शाळेत चौकशी बसली. शिक्षिका ॲन सलिव्हन यांना खोलीबाहेर जायला सांगून त्या लहान मुलीला प्रश्नावर प्रश्न विचारले गेले. त्या रात्री आपण सकाळ पाहणार नाही असं तिला वाटलं, असं तिनं पुढे आत्मचरित्रात लिहिलं.

नंतर कित्येक दिवस आईला पत्र लिहितानाही ती मध्येच दचकायची. हे वाक्य माझंच ना, की कुठल्या पुस्तकातलं, म्हणून एकेक वाक्य पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपायची. ज्यांच्या वह्या कोऱ्या राहतात, त्यांनी हे वाचावं. त्यांची भीती तिनं नेमकी अनुभवली होती. कॅन्बीबाईंनी तिच्यावर राग धरला नाही, उलट प्रेमाचे शब्द पाठवले. ॲन सलिव्हननी तिला पुन्हा लिहितं केलं, तेही स्वतःच्या आयुष्याबद्दल, कारण ते दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं. बाराव्या वर्षी ती बिचकत बिचकत लिहू लागली, आणि १९०३मध्ये आत्मचरित्र पुस्तकरूपानं आलं.

ते वाचून मार्क ट्वेन यांनी तिला लांबलचक पत्र धाडलं. त्या चौकशीवर ते संतापले होते. माणसाच्या बोलण्यातलं जवळजवळ सगळंच उसनं असतं, असं त्यांनी बजावलं आणि स्वतःचा दाखला दिला: ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका त्यांच्या मनात रुतून बसली आणि नकळत त्यांच्याच 'इनोसंट्स अब्रॉड' या पुस्तकात उतरली होती!

मग चोरी कशाला म्हणायचं?

वारसा कुठला आणि चोरी कुठली, हे तुकोबांना पक्कं ठाऊक होतं. नामदेवांनी स्वप्नात येऊन अभंग रचायला सांगितलं, असं ते मोकळेपणानं सांगतात. वारसा लपवत नाहीत. पण सालोमालो नावाच्या इसमानं त्यांच्याच अभंगांवर स्वतःची मुद्रा उमटवली, तेव्हा त्याला त्यांनी खणखणीत सुनावलं. वारसा सांगून पुढे नेणं वेगळं, आणि दुसऱ्याचं नाव पुसून तिथे आपलं घालणं वेगळं.

कायदाही काहीसा असाच आहे. आर. जी. आनंद यांनी 'न्यू दिल्ली' (१९५६) हा चित्रपट आपल्या 'हम हिंदुस्थानी' नाटकावरून उचलला म्हणून दावा लावला. दोन्हींचा विषय एकच: प्रेमाच्या आड येणारा प्रांतभेद. सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये निकाल दिला, की कल्पना, विषय, कथानक यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. म्हणून 'माझी कल्पना कुणी आधीच वापरली' हे वही मिटण्याचं कारण होऊ शकत नाही. दोन लेखकांना एकच विषय सुचण्याला कुणाचीच बंदी नाही.

शंका थोरांनाही

जॉन स्टाइनबेक 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' लिहीत होते, तेव्हा १९३८मध्ये शेजारी एक रोजनिशी ठेवत होते. आपण लेखक नाहीच, स्वतःला नि लोकांना फसवतो आहोत, असं तीत त्यांनी लिहिलं. मग त्या दिवसाची पानं लिहायला घेतली. १९४०मध्ये त्याच कादंबरीला पुलित्झर मिळालं. स्टीफन किंग यांनी 'कॅरी'ची पहिली पानं केराच्या टोपलीत टाकली होती. बायकोनं, टॅबिथानं, ती काढून झटकली आणि पुढे लिहायला लावलं. आपल्याकडे सोपानदेव चौधरींना आईच्या ओव्या लोकांपुढे ठेवायचा संकोच वाटत होता. आचार्य अत्र्यांनी ती वही पाहिली आणि पुस्तक काढायलाच लावलं. १९५२मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आली.

या तिघांच्या बाबतीत शंका गेली म्हणून काम झालं, असं नाही. शंका होती तशीच होती; कुणी रोज पानं लिहिली, कुणाला घरच्यांनी धरून बसवलं, कुणाची वही योग्य माणसाच्या हाती पडली. तुमचं लिखाण वाचणारं एक भरवशाचं माणूस शोधा, हा माझा आग्रह यातूनच आला आहे.

आजच करून बघा

मोरोपंतांची ख्याती एकशे आठ रामायणं रचल्याची. गोष्ट एकच, तीही घरोघरी पाठ असलेली! दर खेपेला ते स्वतःला नवी अट घालून घेत. त्यातलं एक 'निरोष्ठ रामायण', ज्यात ओठ मिटून उच्चारायची अक्षरं वर्ज्य. म्हणजे प, फ, ब, भ नाहीत, आणि म सुद्धा नाही. रामाची कथा सांगायची आणि 'राम' म्हणायचं नाही!

नवी कल्पना सुचत नसेल, तर पंतांची युक्ती वापरा. बिरबलाची खिचडी घ्या, सगळ्यांना माहीत असलेली. 'खिचडी', 'बादशहा' आणि 'थंडी' हे शब्द एकदाही न वापरता ती एका पानात लिहा. तळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या त्या गरिबाच्या पायांना काय वाटलं असेल, लांबच्या महालातला दिवा त्याला कसा दिसला असेल, हे तुम्हाला तुमच्याच शब्दांत शोधावं लागेल. मग तेच पान शेजारच्या कुणालाही लिहायला द्या आणि दोन्ही कागद समोरासमोर ठेवून मोठ्यानं वाचा.