बॅगेतली ती ट्यूब

सिंगापूरला परतणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बॅगेत गोड्या मसाल्याशेजारी खाजेच्या मलमाची ट्यूबही असते. तिथल्या दमट हवेत जांघेत नायटा उठला, की तीच बाहेर निघते.

गडबड इथेच होते. भारतात मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीनाशकासोबत क्लोबेटासॉल असतं, म्हणजे सर्वांत तीव्र गटातलं स्टेरॉइड. खाज पटकन थांबते (माणूस खूश!), बुरशी मात्र पसरत राहते. नायट्याची ठळक कडा पुसट झाल्याने निदानही अवघड होतं. डॉक्टर याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणतात.

अशा वेळी तपासून घ्यायला सिंगापुरात मंडाले रोडवर १९८८पासून नॅशनल स्किन सेंटर आहे. नायट्याची शंका असली, की त्वचारोगतज्ज्ञ त्वचेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

एक्झिमावर मात्र स्टेरॉइड मलम रास्तच. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर पिळलेली रेघ, सुमारे अर्धा ग्रॅम, प्रौढाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते.

ट्यूबवरचं एखादं नाव कळलं नाही? जरूर विचारा.