श्रीलंकेला निघताय? आधी बॅगेत पायमोजे टाका

वैशाख जवळ आला की विहारात सहलीची चर्चा सुरू होते. पूर्वी आपली धाव दीक्षाभूमी, चैत्यभूमी, फार तर बोधगया-सारनाथपर्यंत. आता भिशीत, बचत गटात दोन-दोन वर्षे पैसे साठवून आपल्या बाया विमानाने कोलंबोला जाऊ लागल्या आहेत. धुणीभांडी करणाऱ्या, आशा वर्कर, सफाई खात्यातून रिटायर झालेल्या, सगळ्या. मे १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी ज्या देशात गेले, तिथे वस्तीतली बाई स्वतःच्या पैशाने पोचते, ही लहान गोष्ट नाही.

पण निघायच्या आदल्या रात्री या बायांच्या बॅगा आम्ही बघतो आणि कपाळावर हात मारतो. तीन किलो चिवडा, सहा साड्या, शेजारणीला आणायच्या वस्तूंची यादी. आणि बीपीच्या गोळ्या? "त्या काय, पर्समध्ये टाकल्यात चार."

गेल्या खेपेला आमच्यासोबत एक काकू होत्या. वय ५८, पंधरा वर्षांची शुगर. अनुराधापुराला आम्ही भर दुपारी पोचलो. गाडी उशिरा निघाली होती आणि रात्रीपर्यंत कँडी गाठायचे होते, म्हणून कोणी थांबायला तयार नव्हते. रुवनवेलिसाय स्तूपाचे आवार फरसबंदीचे. चपला बाहेर, डोक्यावर टोपीही चालत नाही. आम्ही बाकीच्या जणी पाय उचलत, उड्या मारत सावलीला पळालो. काकू मात्र शांतपणे तीन प्रदक्षिणा घालून आल्या. आम्ही कौतुक केले, "काय श्रद्धा आहे बघा!" रात्री मुक्कामी त्यांनी पाय धुतले तेव्हा पाण्यात कातडी सुटून आली. दोन्ही तळव्यांना रुपयाएवढे फोड. त्यांना दुखलेच नव्हते.

श्रद्धेमुळे दुखले नाही असे नव्हते. वर्षानुवर्षे शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. काटा टोचला, चप्पल चावली, चटका बसला, काही कळत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला, म्हणून जखम भरत नाही, चिघळते, आणि मग बोट नाहीतर पाय कापायची पाळी येते. काकूंचे पाय वाचले. पण भरायला सात आठवडे लागले आणि त्या सात आठवड्यांत तीन घरची कामे सुटली. नर्सिंग शिकलेल्या आम्ही सोबत असून दुपारी त्यांना आवारात जाऊ दिले, हे आम्हाला अजून बोचते.

म्हणून बॅगेत पहिली वस्तू पायमोजे. पांढरे, सुती, जाड, तीन जोड. बहुतेक ठिकाणी मोज्यांना हरकत घेत नाहीत. घेतलीच तर सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर दर्शन घ्या. दुसरी वस्तू, हातात धरायचा छोटा आरसा. रोज रात्री तळवा आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्यांतही. सहलीसाठी नवी चप्पल घेऊ नका, घरी महिनाभर वापरलेली मागून पट्ट्याची सँडल न्या. चटका बसलाच तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली पाय धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड फोडू नका. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते शेवटची वर्षे बेजार होते. पण त्यांच्या जयंतीला आपल्या वस्तीत पेढे वाटतात, शुगर कोणी तपासत नाही.

आता गोळ्या. सरकारी दवाखान्यातून आपल्याला पट्टी कापून, कागदाच्या पुडीत गोळ्या मिळतात. पांढरी सकाळी, गुलाबी रात्री, एवढीच ओळख. परदेशात चक्कर येऊन पडलात आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारले, काय चालू आहे, तर "गुलाबी" सांगून भागत नाही. निघण्याआधी महिनाभर दवाखान्यात जा, औषधाचे मूळ नाव आणि किती मिलिग्रॅम हे केस पेपरवर इंग्रजीत स्वच्छ लिहून मागा, डॉक्टरांची सही-शिक्का घ्या. गोळ्या नाव असलेल्या अख्ख्या पट्टीतच न्या. दिवस मोजा आणि वर पाच दिवसांच्या जास्त ठेवा. हे सगळे हातातल्या पिशवीत. मोठी बॅग विमानाच्या पोटात जाते, कधी मागे राहते, चिवडा गेला तर गेला. केस पेपरची एक झेरॉक्स बॅगेत आणि फोटो मोबाइलमध्ये, सोबतच्या बाईच्या मोबाइलमध्येसुद्धा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते मोठ्या बॅगेत ठेवूच नये, थंडीने गोठले तर निकामी होते. घरी फ्रीज नसेल तर आपण माठाच्या गारव्यात ठेवतो, प्रवासातही तोच उपाय. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, भोवती ओला सुती रुमाल, बर्फाला टेकवायची नाही. चालू बाटली साधारण चार आठवडे चालते. सोबत साखर, ग्लुकोजची बिस्किटे असू द्या. दर्शनाची रांग लांबते, जेवण चुकते, हातपाय थरथरायला लागतात. तेव्हा पथ्य बघायचे नसते, आधी साखर तोंडात.

विदर्भातल्या आपल्या लोकांसाठी वेगळे सांगायला हवे. सिकलसेल आपल्या समाजात मोठ्या प्रमाणात आहे. ज्यांचा एसएस पॅटर्न आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. अंगातले पाणी कमी झाले की त्यांच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा सुरू होतात. सिकलसेलचे कार्ड, रोजच्या गोळ्या, पाण्याची बाटली, आणि विमानात गारठा असतो म्हणून एक शाल. एसी गाडीतून एकदम उन्हात आणि उन्हातून परत एसीत, असे करू नका.

पाण्याचे बोलायचे तर बाया पाणी पीतच नाहीत. "वाटेत कुठे जायचं?" म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवतात. मग लघवीची जळजळ, ताप, चक्कर. कोलंबो समुद्रकाठी आहे, पारा नागपूरइतका चढत नाही म्हणून फसगत होते. हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही आणि अंग निवत नाही. सहलीच्या टूरवाल्याला आधीच बजावा, दर दोन तासांनी स्वच्छतागृहापाशी गाडी थांबली पाहिजे. त्यासाठी आपण पैसे मोजलेत. ओआरएसची दहा पाकिटे न्या. पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर एक लिटरच पाणी घ्या, ग्लासभर पाण्यात अख्खे पाकीट ओतू नका. पाकीट संपले तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रस्त्यावर केशरी रंगाचे शहाळे मिळते, त्याला थंबिली म्हणतात. छान असते, पण किडनीचा आजार असलेल्यांनी टाळावे.

पांढरी साडी हवीच, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पण आपल्या उपासिकांच्या पांढऱ्या साड्या बहुधा पॉलिस्टरच्या. पटकन वाळतात, इस्त्री लागत नाही, आम्हीही त्याच घेतल्या होत्या. त्यात अंग उकडून निघते, परकराच्या नाडीखाली पुरळ येते, मांड्या घासून सोलतात. दोन सुती साड्या किंवा सुती सलवार-कमीज पुरे. खोबरेल तेलाची लहान बाटली न्या. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत, आणि अडकित्ताही काढून घेतात. मिश्रीची डबी घरीच ठेवा. परत आल्यावरही हात लावू नका.

पोरांच्या बॅगा एकदा उघडून बघा. बुद्धाचे चित्र छापलेले टी-शर्ट आपल्याकडे अभिमानाने घालतात, तिकडे तो अपमान समजतात. २०१४ साली दंडावर बुद्ध गोंदवलेल्या एका ब्रिटिश बाईला त्यांनी देशाबाहेर पाठवले होते. हातावर गोंदण असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. मूर्तीकडे पाठ करून सेल्फीही काढायचा नाही.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दल प्रत्येक सहलीआधी आम्हाला हळूच विचारतात. ताई, कशासाठी? ज्या शिवाशिवीतून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले, ती पाळीच्या नावाने विहारात कशाला आणायची? पाळी आली म्हणून वंदना अडत नाही. शिवाय ज्यांना रक्ताची गाठ होण्याचा त्रास झाला आहे त्यांना ही गोळी चालत नाही, आणि मेडिकलवाला हे विचारत बसत नाही. गोळीऐवजी पॅड जास्त न्या आणि वापरलेले गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रे.

विमा काढताना शुगर-बीपी लपवू नका. लपवले आणि पुढे कळले तर पैसे नाकारतात. तिकडे अँब्युलन्सचा नंबर १९९०. ही सेवा फुकट आहे, २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, मोबाइल बंद पडतो.

डासांचे मलम विसरू नका. श्रीलंकेतून मलेरिया हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जाहीर केले, पण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. आणि घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर दवाखान्यात केस पेपर काढतानाच सांगा की आम्ही श्रीलंकेला जाऊन आलो.